पाटावरचं जाकीट

१

भरद्वाजच्या प्रवासाची तयारी सुरू झाली, तसं घरातलं जेवणाचं टेबल जेवणाच्या कामाचं राहिलं नाही. त्याच्यावर नकाशा आला, नकाशावर साखळी पुसायचा ब्रश आला, पंक्चरचं सामान आलं, क्लचची जास्तीची तार वेटोळं घालून बसली. सांबारचं भांडं कुठं ठेवू, असं विचारलं तर बाप-लेक एकदम म्हणायचे, "जरा थांब."

सुप्रभा थांबायची. व्रतं करणाऱ्या बाईला थांबता यावंच लागतं. चंद्र उगवेपर्यंत थांबायचं, नैवेद्य होईपर्यंत थांबायचं, मूल होईपर्यंत थांबायचं. भरद्वाज असाच, पुष्कळ थांबून झालेला. एकुलता एक. पुन्नैनल्लूरच्या मारियम्माला तिनं त्याच्यासाठी किती खेपा घातल्या ते तिलाच ठाऊक.

आणि तो आता मोटरसायकलवरून हिमालयात निघाला होता. तंजावरच्या मेलवीथीजवळच्या गल्लीतला मुलगा; ज्याला कोडैकानलला गेला तरी सर्दी व्हायची, तो स्पितीच्या खोऱ्यात जाणार म्हणे. बरोबर मणी, त्याचा कॉलेजातला दोस्त. गाड्या रेल्वेनं चंडीगडपर्यंत, पुढं डोंगर.

"काझाच्या पुढं पेट्रोल मिळत नाही, अप्पा. कॅन न्यावा लागेल."

"आणि हा नाला?" सांबशिवरावांनी चष्मा कपाळावर चढवला. शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, पण स्वतः तिरुपतीच्या वर कधी गेले नाहीत. मुलापेक्षा त्यांनाच जास्त चढलं होतं.

"तो पहाटे ओलांडायचा. ऊन वर आलं की बर्फ वितळतो. मग पाणी कमरेला लागतं."

"कमरेला?" सुप्रभा स्वयंपाकघराच्या दारात आली.

"गाडीच्या कमरेला, अम्मा."

"गाडीला कमर असते?"

"असते. तुझ्यासारखी दुखत नाही एवढंच."

ती हसली, पण मुक्काम तिनं पाठ करून टाकले. कल्पा, नाको, ताबो, काझा, मग तो उंच घाट, मग मनाली. ज्या दिवशी ज्या गावी तो असेल त्या दिवशी इकडे एक उपास, एक दिवा. स्तोत्रासारखी तिला ती गावं यायला लागली होती. मनालीनंतर काय, ते तिनं विचारलं नाही. मनालीनंतर घर.

२

पंचांगात चांगला दिवस निघाला तो बुधवार. रजा मात्र पुढच्या आठवड्यातली. त्यानंतरचे सगळे दिवस वाईट.

यावर तिच्याकडे जुना तोडगा होता. सुप्रभाच्या माहेरी तो तिच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आला होता. मुहूर्त आज आणि निघणं उद्या, असं झालं की प्रस्थान ठेवायचं. म्हणजे प्रवासाला नेण्याची एखादी वस्तू मुहूर्तावर घराबाहेर काढायची आणि शेजारच्या घरी, जायचं त्या दिशेला तोंड करून ठेवायची. वस्तू उंबऱ्याबाहेर पडली की माणूस निघाला. मग तो घरी जेवो, घरी झोपो. देवाच्या लेखी तो वाटेवरचा. खरोखर निघायच्या दिवशी त्यानं ती वस्तू स्वतः उचलायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

"म्हणजे बुधवारी मी निघालो, आणि बुधवारीच इथं बसून इडल्या खातोय?" भरद्वाजनं विचारलं.

"हो."

"मग त्या इडल्या कोण खातोय, अम्मा?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला! कुंकू लावून घे नीट."

त्यानं नवंकोरं जाकीट दिलं. काळं, खांद्याला आणि कोपराला टणक गाद्या शिवलेलं, हातमोजे खिशात. मुहूर्तावर तिनं जाकिटाला हळदीकुंकू लावलं आणि ते शेजारी वेंकूबाईंकडे नेलं. वेंकूबाई एकट्या राहायच्या. गल्लीत सगळे त्यांना मामी म्हणत. दोन्ही घरांची मधली भिंत एकच, वर छपराजवळ हवेसाठी ठेवलेली झरोक्यांची ओळ. इकडची फोडणी तिकडे शिंकवायची आणि इकडचं भांडण तिकडे तोंडपाठ व्हायचं.

मामींच्या पुढच्या खोलीत एक लांब बाक होता. बाकाच्या टोकाला पाट, पाटाखाली तांदळाच्या पिठाचा कोलम, पाटावर जाकीट. तोंड उत्तरेला. चेन तिनं मुद्दाम उघडी ठेवली, गळ्यापाशी एक तुळशीचं पान ठेवलं, आणि हात जोडले.

"जा बाबा," ती म्हणाली. "सुखरूप जा."

परत ये, असं म्हणायचं राहिलं. पण ते म्हणायला तो अजून निघायचा होताच की.

३

रजा नाकारली. निघायला दोन-चार दिवस उरलेले असताना एक ओळ आली फोनवर. काम अडलंय, सगळ्यांच्या रजा रद्द.

सुप्रभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी गरीब बाई, पण त्या दिवशी तिनं भरद्वाजच्या साहेबाला, न पाहिलेल्या, न भेटलेल्या माणसाला, देवघरात बसून उभा-आडवा घेतला. वर्षभर पोराचा घाम काढता, आणि त्याला आठ-पंधरा दिवस सोडवत नाही? गणपतीलाही तिनं सोडलं नाही. तुझ्या दिवशी मी तोंडात पाणी घेत नाही, आणि तू बघत बसलास?

भरद्वाजच शांत होता. "पुढच्या वर्षी जाऊ, अम्मा. मणीही तेच म्हणतोय."

"मग प्रस्थान?"

"ते आण ना तू."

"मी कशी आणू? तू उचलायचंस. नाहीतर निदान तिरुवैयारूपर्यंत जाऊन कावेरीला पाय लावून परत ये, आणि मग उचल. म्हणजे गेल्यासारखं झालं."

"आज मीटिंगा आहेत. उद्या."

उद्याचं परवा झालं. सुप्रभा मग नुसतं बघून यावं म्हणून मामींकडे गेली.

जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती. तुळशीचं पान कुठं दिसेना. आणि खांद्यांवर, बाह्यांवर धूळ बसली होती. तंजावरची धूळ तिच्या ओळखीची, तांबूस, चिकट. ही राखेसारखी होती, बारीक, फिकट. तिनं बोट पुढं केलं, आणि हात लावायचा नाही हे आठवून मागं घेतलं.

मामी दार उघडून पुन्हा आत जाऊन आडव्या झाल्या होत्या. सुप्रभा ओठ आवळून घरी आली. पापनाशमचा तो भाचा! अधूनमधून मामींकडे येतो, मोपेड उडवत. त्याचंच काम. चांगलं जाकीट दिसलं, घातलं, हिंडला वाळूच्या लॉऱ्यांमागं, आणि आणून ठेवलं.

"दुसऱ्याच्या प्रस्थानाला हात लावतात म्हणजे काय!" ती सांबशिवरावांना म्हणाली.

"तू बघितलंस त्याला?"

"बघायला कशाला हवं?"

४

त्याच सुमाराला भरद्वाजला थंडी वाजायला लागली.

बाहेर ऊन असं की कोलम काढताना बोटं भाजावी. पंखा गरगरत होता, सांबशिवरावांचा बनियन ओला. भरद्वाज मात्र घरूनच ऑफिसचं काम करायचा, त्या खुर्चीत शाल लपेटून बसलेला. गच्चीवर वाळत घातलेले तळणीचे वडाम आणायला पाठवला तर जिन्यात मधेच बसला, तोंडानं श्वास घेत.

"काय होतंय?"

"काही नाही. दम लागला."

"एवढ्याशा जिन्यानं?"

"हवा विरळ झाल्यासारखं वाटतं," तो म्हणाला, आणि स्वतःच्या बोलण्याकडे त्याचं लक्ष नसावं, कारण लगेच तो वडामांबद्दल बोलू लागला. त्याचा डावा पंजा मात्र गुडघ्यावर उघडत होता, मिटत होता. उघडत होता, मिटत होता.

डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, छाती स्वच्छ. खुर्चीत फार बसता, फिरायला जा, म्हणाले. फी घेऊन हे सांगायचं! सुप्रभा रिक्षात घरापर्यंत पुटपुटत आली. तिनं त्याचा हात हातात घेतला होता. तळहाताला, अंगठ्याच्या बुडाशी, एक घट्टा होता. संगणक बडवणाऱ्या हाताला तिथं घट्टा पडत नाही. पण पडतही असेल, ती स्वतःला म्हणाली. हल्ली कशाचंही काही होतं.

घरी येताच ती तडक शेजारी गेली. आज भाच्याचं काय ते होऊन जाऊ दे.

पुढचं दार उघडं होतं, मामी मागं परसात. जाकीट ओलं होतं. कोपरापर्यंत बाह्या भिजलेल्या, पाटावरून पाणी ठिबकून कोलम पुसला गेला होता. तिनं पावलानं ते पाणी चाचपलं आणि पाऊल झटकन उचललं. इतकं गार पाणी तंजावरला फक्त फ्रीजमध्ये असतं.

आणि तिला नको असताना हिशेब आठवला. बुधवारी कल्पाच्या वाटेवर. मग नाको, तिथं ती राखेसारखी धूळ असते, भरद्वाजनंच फोनवर दाखवली होती. मग काझा. मग घाट. आणि मग तो नाला, ज्याचं पाणी दुपारी कमरेला लागतं.

"छे," ती मोठ्यानं म्हणाली. "मामींनी फडक्यानं पुसलं असेल. बर्फाच्या पाण्यानं."

म्हातारी बाई बर्फाच्या पाण्यानं जाकीट कशाला पुसेल, हे विचारायला तिथं दुसरं कोणी नव्हतं. ते बरंच होतं.

५

भांडण झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, मामींच्या दारातच, भाजीवालीच्या देखत.

"मामी, तुमच्या वयाचा मान ठेवून बोलत्ये. भाच्याला सांगा, लोकांच्या वस्तू वापरू नये."

"कुठला भाचा? तो दिवाळीपासून इकडे फिरकला नाही!" मामींनी पदर खोचला. "तू आलीस ते बरं झालं. मीच येणार होते. पोराला वळण लावलंस की नाही काही?"

"माझ्या पोराला?"

"तुझ्याच. रोज दुपारी येऊन बसतो माझ्या घरात. बसू दे, माझं काही जात नाही. पण 'मामी' म्हणून एक हाक? वर तोंड करून एक नजर? पेलाभर मोर देऊ का विचारलं, ताकात कढीपत्ता-हिंग घालून करून ठेवलं होतं, हूं नाही की चूं नाही. पाठ करून बसलेला. लहानपणी याच घरात रांगला तो! आणि चिखलाचे पाय! रोज फरशी मी पुसायची, या गुडघ्यांनी?"

सुप्रभाचा आवाज चढला. "मामी, काहीतरीच काय बोलता? दुपारभर तो घरी असतो. कामावर. मी समोर बसून वाती वळते. त्याचं बोलणं ऐकत असते."

"मग मी काय खोटं बोलत्ये? मलाही ऐकू येतं ना त्याचं बोलणं, झरोक्यातून! सारखं ते ऑफिसचं इंग्रजी. तो इथं बाकावर बसलेला असतो आणि तिकडून त्याचा आवाज..."

मामींनी मागं वळून आत पाहिलं.

भाजीवालीनं टोपली डोक्यावर घेतली. वांगी घ्यायची का ते न विचारताच ती पुढच्या घराकडे निघाली.

"टीव्ही असेल," मामी हळूच म्हणाल्या. "तुमच्याकडचा."

"हो," सुप्रभा म्हणाली.

"तो येतो कसा ते मला दिसत नाही ग. जेवून जरा पडते. उठते तेव्हा बसलेला असतो. दाराला कडी आतून असते. मला वाटायचं, मीच त्याला आत घेते आणि विसरत्ये." मामींचा राग ओसरला होता आणि त्याच्या जागी जे येत होतं ते त्यांना नको होतं, म्हणून त्या पुन्हा रागावल्या. "ते जाकीट ने आधी! आत्ताच्या आत्ता!"

"त्यानंच उचलायला हवं."

"मग त्याला घेऊन ये!"

सुप्रभानं भरद्वाजला उठवायला पाहिलं. तो पलंगाच्या कडेला बसला, पाय खाली सोडले, आणि तसाच राहिला. ओठ निळसर दिसत होते. "अम्मा, आज नाही," तो म्हणाला. "हात सोडला तर जाईन." कुठं जाशील, असं तिनं विचारलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण बघत होता तिच्या मागं, दूर, रस्ता बघावा तसा.

थोड्या वेळानं तो उठला, खुर्चीत बसला, आणि साहेबाशी बोलू लागला. नेहमीच्या आवाजात.

६

दुपारी मामींनी कडी काढून तिला आत घेतलं. त्या स्वतः पुढं आल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात, चौकट धरून उभ्या राहिल्या.

पुढच्या खोलीच्या खिडक्या उन्हासाठी मिटलेल्या होत्या. फटींतून येणारा उजेड फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडला होता. झरोक्यांतून भरद्वाजचा आवाज येत होता, स्पष्ट, जरा कंटाळलेला. कुणाला तरी आकडे समजावून सांगत होता. तो आवाज ऐकून सुप्रभाला इतकं बरं वाटलं की तिनं वळून मामींकडे हसून पाहिलं. मामी हसल्या नाहीत. त्या बाकाकडे बघत होत्या.

बाकावर दोन्हीकडे पाय टाकून कुणीतरी बसलं होतं. पाठ इकडे. अंगात जाकीट. हात पुढं, काही तरी धरल्यासारखे, आणि त्यांच्यामध्ये काही नव्हतं. खांदे बारीक थरथरत होते. भीतीनं थरथरतात तसे नाही, खडीवरून जाताना थरथरतात तसे. खोलीत दुसरा आवाज नव्हता. गाडीचा नाही, वाऱ्याचा नाही. फक्त मधूनच बाकाखाली खडा उडाल्यासारखं टकटक व्हायचं, आणि भिंतीपलीकडे भरद्वाजचे आकडे.

ते अंग डावीकडे कललं. वळण. सावकाश सरळ झालं. मग उजवीकडे, आणखी जास्त, आणि त्या बाजूला काही नाही हे सुप्रभाच्या पोटाला कळलं, तिनं भिंतीला हात टेकला.

तिला सगळ्यात आधी आला तो संताप. माझ्या मुलाचं जाकीट! कुणाचं आहे हे सोंग? मी कुंकू लावून, मुहूर्त बघून, उपाशी राहून ठेवलं, आणि हे कोण त्यात शिरलं? ती पुढं गेली. देवाचं नाव तिच्या ओठांवर होतं, आणि शिवी द्यावी तसं ती ते घेत होती.

मग तिनं मान पाहिली. कॉलरच्या वर, केसांच्या खाली, डाव्या बाजूला, तो तीळ. न्हाऊ घालताना तिनं हजारदा पुसलेला.

तिचे पाय तिथंच राहिले.

हा कुणी आत शिरलेला नव्हता. हा तिनंच पाठवलेला होता. बुधवारी, सुखरूप जा म्हणून. आणि तो गेला होता, एकटा, मणीशिवाय, गाडीशिवाय. धूळ खाल्ली, घाट चढला, नाला ओलांडला. तिनं मनात मुक्काम मोजले. मनाली कधीच मागं पडली होती. नकाशा संपला होता. मग हा अजून कुठं चालला होता?

हातमोजा फाटला होता. बोटं दिसत होती, काळसर, फुटलेली. ती क्लचवर मिटत, उघडत. भिंतीपलीकडे भरद्वाज खोकला, आणि इथले खांदे त्याच वेळी हलले.

जाणाऱ्याला मागून हाक मारू नये. हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गल्लीतल्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं. काही विसरलं असलं तर पुढं पळत जाऊन, समोर उभं राहून द्यावं. पण याच्या समोर जायचं म्हणजे त्या रस्त्यावर जायचं. तिनं एक पाऊल टाकून पाहिलं. फरशी संपली तिथं तिच्या अंगठ्याला गार वारा लागला. ती मागं सरली.

"सुप्रभा," मामी कुजबुजल्या. "चल ग. चल इथून."

"कुठं चल?" सुप्रभा म्हणाली, आणि तिचा आवाज इतका करडा निघाला की तिलाच तो ओळखू आला नाही. "माझा मुलगा आहे तो. असा किती लांब जाऊ द्यायचा? कुणी ठरवलं? कोण त्याला असा दामटतंय, ना खाणं ना पाणी? साहेब नाही म्हणाला तेव्हा देवानं थांबवायचं होतं ना त्याला! दोघांनी मिळून माझ्या पोराचे दोन तुकडे केले आणि मी वाती वळत बसू?"

ते अंग पुन्हा कललं. जास्त. बाकाखालचे खडे सुटल्यासारखे वाजले.

"भरद्वाज!" ती ओरडली. संध्याकाळी खेळ न संपवणाऱ्या पोराला दारातून ओरडावं तशी. "पुरे झालं! फीर मागं! घरी चल!"

डावा पंजा मिटला आणि मिटलेलाच राहिला. खांदे पुढं झुकले, थांबले.

भिंतीपलीकडचे आकडे एका आकड्याच्या मध्यात तुटले.

कुठं काही वाजेना. मग झरोक्यातून तिकडच्या संगणकातला कुणीतरी परका माणूस त्याचं नाव तोडून बोलला, "भरत? आर यू देअर? भरत?" खुर्ची कुरकुरली नाही. पावलं वाजली नाहीत. सांबशिवरावांचा आवाज आला, आधी झोपेतला, मग झोपेतला नसलेला.

"अग सुप्रभा! भरद्वाज तिकडे आलाय का? आत्ता इथं खुर्चीत होता. शाल इथंच पडलीय."

बाकावरचं डोकं वळायला लागलं होतं. फार सावकाश, फार दिवस एकाच दिशेला धरलेली मान वळते तसं. कान दिसला. गालाचा कोपरा दिसला, उन्हानं आणि गारठ्यानं सोललेला, आणि त्याच्यावर दाढी, ठरलेल्या प्रवासात वाढेल त्याहून खूप लांब, आणि तिच्यात पांढरे केस.

मामींनी डोळ्यांवर पदर घेतला.

"अग, आलाय का तो?"

सुप्रभानं ओवाळायला असावेत तसे दोन्ही हात पुढं केले. हातात काही नव्हतं. चेहरा अजून पुरता वळला नव्हता.

"हो," ती भिंतीकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली. "इथं आहे. घेऊन येते."